मामा वाट चुकतो

दिवेआगरच्या मागच्या डोंगरातल्या कातकरी वाडीत केसर वाघमारेइतकं फटकळ तोंड दुसऱ्या कुणाचं नाही. म्हणूनच की काय, संस्थेच्या हर्षदने प्रकल्पाचा फोन तिच्याच हातात दिला. म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टी त्यांच्याच तोंडून टिपायच्या आणि त्यांची वाडीच्या नावाने फिल्म करायची. महिनाअखेरपर्यंत फिल्म जमली तर फोन वाडीत राहणार आणि केसर पुढच्या वाड्यांवर शिकवायला जाणार. आजवर लोकांनी केसरला बोलावलं ते भात लावायला नाहीतर बागायतदारांच्या नारळीतली वाळकी झापं ओढायला. शिकवायला कोण बोलावतंय? तिला हे काम हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं.

घोडं अडलं ते घरातच. गोष्टी येतात तिच्या आईला, आवडाबाईला, आणि आवडाबाई दिवसा गोष्ट सांगत नाही. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. केसरच्या लेकीचा, जनीचा, मामा म्हणजे येसाजी. तो परमुलखात कोळशाच्या भट्टीवर गेला आणि गेल्या पावसाळ्यालाही परतला नाही. मुकादम म्हणतो, दुसऱ्या टोळीबरोबर गेला. कुठल्या, ते त्यालाही सांगता येत नाही.

रात्री मात्र म्हातारीच्या तोंडाचा पट्टा सुटायचा. खेकड्याने वाघाला कसं फसवलं ते सांगताना ती स्वतःच तिरकी तिरकी चालायची. केसरने ते टिपून पाठवलं. हर्षदचा फोन आला, "ताई, आवाज झकास, पण सगळा काळोखच आहे. चेहरा दिसायला हवा."

मग केसरने शेजारून मोठा दिवा मागून आणला. आवडाबाईने तोंडावर पदर ओढला.

"येवढा उजेड केलास, मंग दिस आन रात येगळी कशी?"

"आये, दिव्याला काय ठावं येसाजी कुठं हाय?"

"वाटंला ठावं आसतं."

केसरने कपाळावर हात मारला. समजावून झालं, भांडून झालं. आवडाबाईला आवडतात म्हणून सुके बोंबील आणून झाले. म्हातारीने बोंबील खाल्ले आणि गोष्ट पोटातच ठेवली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. वाडीतली माणसं वर शहाणपण शिकवायला तयारच होती. कुणी म्हणे आईला दुखवू नको, कुणी म्हणे माझाच फोटो काढ. केसरचं डोकं फिरलं. भर दुपारी ती आईवर ओरडली.

"तोंड शिवून बसलीस, म्हणून आला का तो? तो चुकलाच हाय आये. कवाच चुकलाय."

आवडाबाई टोपली उचलून ओढ्याकडे निघून गेली. केसरला स्वतःचा राग आला, आईचा आला आणि घरी निरोपसुद्धा न धाडणाऱ्या भावाचा तर सगळ्यात जास्त आला.

महिनाअखेरीला हर्षद वाडीत आला. त्याला पाहताच आवडाबाईने तोंडावर पदर ओढला, तेव्हा तो काय समजायचं ते समजला. मग केसरला म्हणाला, "ताई, या गोष्टी तुम्हालाही येतातच की. तुम्हीच सांगा ना."

हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही, असं केसरला झालं. खेकडा-वाघ तिला झोपेतही सांगता आला असता. तिने केस विंचरले, धुतलेलं लुगडं नेसली आणि अंगणात उन्हाकडे तोंड करून बसली. आवडाबाई दारात उभी होती. ती हो म्हणाली नाही की नाही म्हणाली नाही. हर्षदने फोन समोर धरला.

केसरने तोंड उघडलं. खेकडा जिभेवर आला होता. तिची नजर आपसूक खाली गेली, डांबरी रस्त्याकडून वाडीत चढणाऱ्या पायवाटेवर. वाटेवर कोणी नव्हतं. हर्षद हाताने खूण करत राहिला, सांगा, सांगा. केसर स्वतःवरच चिडली, पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. शेवटी उठली आणि फोनपुढे हात आडवा धरला.

"ऱ्हाऊ द्या दादा. फोन न्या तुमचा," ती म्हणाली. "माजा भाऊ आजून वाटंत हाय."