घराची हजेरी

बारा आठवडे रोज सकाळी व्यायाम केला तर पन्नाशीच्या बाईची उंची वाढू शकते का? हा प्रश्न माझ्या धाकट्या बहिणीने, दीपमालाने, मला फोनवर विचारला तेव्हा मी कणीक मळत होते. मी म्हटलं, नाही वाढत. तर म्हणते, "ताई, नीट विचार करून सांग." आता यात विचार तो काय करायचा? पन्नाशीत बाईची कंबर वाढते, रक्तदाब वाढतो, फार तर आवाज वाढतो. पण दीपाचा आवाज रडवेला झाला होता, म्हणून मी हात धुतले आणि गोंधळ नीट ऐकून घेतला. ऐकल्यावर माझाही गोंधळ झाला आणि तो आजतागायत पुरता गेलेला नाही.

दीपा कळमेश्वरच्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवते, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर पगार, नाहीतर रामराम. पीएच.डी. झाली तरच कायम होण्याची आशा, आणि विद्यापीठाची मुदत डोक्यावर आलेली. तिच्या संशोधनाचं नाव मला तोंडपाठ आहे, कारण वर्षभर आमच्या घरात दुसरं काही बोललंच गेलं नाही: 'मध्यमवयीन गृहिणींची शारीरिक क्षमता व सामाजिक समायोजन यांवर सामूहिक व्यायामाचा होणारा परिणाम'. साध्या भाषेत सांगायचं तर आमच्या ले-आउटच्या, म्हणजे कॉलनीच्या, मैदानात बायकांनी रोज सकाळी व्यायाम करायचा, थोडं खेळायचं, सुरुवातीला आणि शेवटी त्यांची मापं घ्यायची. आणि एकत्र खेळल्यामुळे त्यांचं आपसात जास्त जमतं का, तेही बघायचं.

बायका गोळा कशा करायच्या हा प्रश्न होता. मी म्हटलं, त्यात काय, यमुताईंना सांग.

यमुताई ढोबळे म्हणजे आमच्या ले-आउटची चक्की. सावनेरकडच्या खेड्यातून लग्न करून त्या इथे आल्या. नवरा बाबाराव याने पुढच्या खोलीत पिठाची चक्की टाकली आणि थोड्याच वर्षांत तो गेला. मूलबाळ नव्हतं. माहेरचे न्यायला आले, तर बाई म्हणाली, गहू पडले आहेत लोकांचे, ते दळून येते. ते दळण अजून चालू आहे. भुवयांपर्यंत पिठाने पांढरी झालेली ही बाई डब्यावरून घर ओळखते. बायकांची नावं मात्र तिला येत नाहीत. तिच्या लेखी माणसं नसतातच, घरं असतात: गेरूच्या गेटवालं घर, रेल्वेवाल्याचं घर, वरच्या मजल्यावर भाड्याने दिलेलं घर.

ले-आउटमध्ये काहीही असो, आवतन द्यायला यमुताई. मारुतीच्या देवळात महाप्रसाद, कोणाकडे हळदीकुंकू, कोणाकडे मयत. दारात उभी राहून ती म्हणते, "घरून एक जण येजा." बाईला जमलं नाही तर जाऊ येते, सून येते, कधी लग्नाची लेक येते. कोणी विचारत नाही की तू का आलीस. घर आलं, संपलं. आमच्याकडे हे इतकं अंगवळणी पडलेलं आहे की ती एक पद्धत आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

दीपाच्याही आलं नाही. पहिला आठवडा ती स्वतः आली, वजनं घेतली, उंच्या घेतल्या, पायरीवर चढ-उतर करायला लावून नाडी मोजली. मग कॉलेजात परीक्षा लागल्या आणि तिने यमुताईंना व्यायामाचा क्रम शिकवून शिट्टी गळ्यात घातली. यमुताईंनी ती शिट्टी इतक्या जोरात वाजवली की पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं आठवडाभर पिसाळल्यासारखं करत होतं. रोज हजेरीचा फोटो दीपाला व्हॉट्सॲपवर जायचा. सगळी हजर. कोणी आजारी नाही, कोणाकडे पाहुणे नाहीत, कोणी माहेरी गेलेलं नाही. दीपाच्या गाईड सरांनी ती हजेरी दुसऱ्या विद्यार्थ्यांना दाखवून त्यांना लाज आणली म्हणे. मी नोकरीभर सरकारी ऑफिसातलं मस्टर सांभाळलेली बाई. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण बहिणीचं चांगलं चाललंय म्हटल्यावर कोण नाक खुपसतं?

शेवटची मापं घ्यायला दीपाच्या कॉलेजच्या मुली आल्या, कारण ती स्वतः पेपरांवर होती. आकडे हाती आले आणि तिची झोप उडाली. माझ्या शेजारच्या प्रेमिलावहिनींची उंची वाढली होती आणि वजन पोत्याने उतरलं होतं. रेल्वेवाल्याच्या घरची चाळिशीतली धडधाकट सून बारा आठवडे एक दिवस न चुकता व्यायाम करून पायरीवर आजीबाईसारखी धापा टाकत होती.

रविवारी दीपा तावातावाने आली आणि प्रेमिलावहिनींना माझ्या घरच्या भिंतीला टेकवून उभं केलं. उंची होती तेवढीच.

"वहिनी, त्या दिवशी मोजायले तुमीच आल्या होत्या ना?"

"नाही वं. माह्या गुडघ्याले ठणका होता, म्हणून खुशीले पाठवलं." खुशी म्हणजे त्यांची सून. "तशी ती मधात मधात येतच होती. एक दिवस मी, एक दिवस ती. डब्याची घाई राहते न सकाळी."

दीपा तशीच मला घेऊन चक्कीवर गेली. पट्टा फिरत होता. यमुताईंनी चक्की बंद केली, पदराने तोंड पुसलं आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. आपलं काय चुकलं हे त्या मनापासून शोधत होत्या आणि त्यांना ते सापडत नव्हतं.

"घरं तर सगळी आली होती," त्या म्हणाल्या.

"यमुताई, मले बाई पायजे होती, घर नाही."

"बाई काय घराबाहेरची राहते का वं?"

मला राग आला होता, पण नेमका कोणाचा, तेच ठरत नव्हतं. यमुताईंनी लबाडी केली नव्हती. उलट गेरूच्या गेटवाल्याच्या बायकोला जमत नव्हतं तेव्हा त्याच्या बहिणीला त्यांनी पहाटे जाऊन उठवलं होतं. दीपाचंही काही खोटं नव्हतं. आधी एकीला मोजायचं आणि नंतर दुसरीला, याला कोणी संशोधन म्हणणार नाही.

गाईड सरांनी एक शेवटची संधी दिली. पुन्हा सगळं पहिल्यापासून, आणि यावेळी एक जरी बदली बाई निघाली तरी प्रबंध विसरायचा. दीपाने कॉलेजात पहिले तास सोडवून घेतले आणि रोज अंधारात कळमेश्वरहून गाडी हाणत यायला लागली. हजेरी नावाने. बायका कमी पडत होत्या म्हणून या खेपेला यमुताईंचंही नाव घातलं. मी बहीण, म्हणून मला नियमाने वगळलं. मी कडेच्या बाकावर थर्मास घेऊन बसायचे.

पहिल्या दिवशी मजा झाली. दीपाने एकेक नाव पुकारलं तर अर्ध्या बायका ओ द्यायला लाजल्या. रेल्वेवाल्याच्या घरच्या सुनेचं नाव पद्मजा आहे हे यमुताईंना इतक्या वर्षांनी कळलं. त्या मागे वळून तिच्याकडे बघत राहिल्या, जणू ती नवीनच राहायला आली असावी.

मग हळूहळू मैदान रिकामं व्हायला लागलं. कोणाच्या नळाला त्याच वेळी पाणी, कोणाच्या पोराची परीक्षा, कोणाच्या सासऱ्याला दवाखाना. पूर्वी अशा दिवशी घरातलं दुसरं कोणी यायचं. आता कोणी यायचं नाही. एक दिवस चुकलेली बाई दुसऱ्या दिवशी यायला ओशाळायची आणि तिसऱ्या दिवशी घरातच राहायची. खुशीचं येणं तर बंदच झालं होतं, कारण नाव सासूचं होतं. ती गेटपाशी झाडू घेऊन उभी असायची आणि मैदानाकडे बघत एकच पायरी चारदा झाडायची. पूर्वी सासू घरी गेली की सून कोणत्या खेळात कोण पडलं ते विचारायची, सून गेली की सासू. आता त्या घरातून फक्त कुकर ऐकू यायचा.

"ताई, हे काय होऊन राहिलं?" दीपा एका सकाळी माझ्याजवळ बाकावर बसून म्हणाली. "खोटी हजेरी होती तेव्हा मैदान भरलं होतं. आता एक न एक आकडा खरा आहे, आणि बाया एकमेकींशी बोलत नाहीत. समायोजनाच्या प्रकरणात मी लिहू काय?"

मी तिला चहा दिला. दुसरं काय देणार? मी मस्टरची बाई. ज्याची सही त्याने करायची, हे मी लोकांना दटावून सांगितलेलं आहे. तरीही मला पहिलं मैदान आवडत होतं, आणि आवडतं ते बरोबर नाही हे कळत होतं, आणि या दोहोंचं काय करायचं ते कळत नव्हतं.

तरी ओढूनताणून पुरेशा बायका टिकल्या. शेवटचे थोडे आठवडे उरले असताना यमुताईंना ताप आला. साधासुधा नाही, हाडं मोडून काढणारा. चक्कीचं शटर खाली आलं, ते मी आजवर कधी पाहिलं नव्हतं. दीपाने हिशोब करून सांगितलं की आजारपणाच्या गैरहजेरीची नोंद केली तर चालतं, ती प्रबंधात तशी लिहिता येते. खोटी हजेरी मात्र चालायची नाही. चला, तेवढं तरी सरळ होतं.

त्या सकाळी दीपाने नाव पुकारलं, "यमुना ढोबळे."

"हजर," मागून आवाज आला. खुशी होती. झाडू गेटलाच टेकवून आली होती, ओढणी कमरेला बांधलेली. "मी त्यांच्या घरून आली."

कोणी हसलं नाही. प्रेमिलावहिनींनी सुनेकडे बघितलं आणि जागा करून दिली. सगळ्या बायका दीपाकडे बघत होत्या, आणि दीपा माझ्याकडे. मी मान हलवली नाही, पण मला काय वाटतं ते तिला माझ्या तोंडावर दिसलं असणार. तीन वर्षांची मेहनत त्या एका शब्दावर होती.

"खुशी, असं नाही चालत," दीपा हळू म्हणाली. "घरी जाय." आणि तिने गैरहजर लावली.

खुशी गेली. व्यायाम झाला. दीपाचं बरोबर होतं, हे मी तेव्हाही म्हटलं आणि आताही म्हणते.

दुपारी मी यमुताईंकडे मऊ भात आणि मेतकूट घेऊन गेले. चक्कीच्या मागच्या खोलीत त्या पडल्या होत्या. पीठ नसलेला त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच इतका जवळून बघितला. फार म्हाताऱ्या दिसत होत्या. खुशीने त्यांना सगळं सांगितलं होतं, म्हणून मी विषय काढणार नव्हते. त्यांनीच काढला.

"शोभाताई, माहं घर गैरहजर लावलं का?"

"यमुताई, आजारी माणसाची गैरहजेरी काही वाईट नसते. नियमात आहे तसं."

त्यांच्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"लगन होऊन आली तवापासून माहं घर कुठी गैरहजर नाही," त्या म्हणाल्या. "माहे सासरे गेले तेव्हा नाही, हे गेले तेव्हा नाही. मी एकटीच त्या घराची. माह्या जागी पाठवाले कोणी नाही, म्हणून मीच गेली सगळीकडं. आता एक पोरगी आपल्या मनानं उठून माह्या घरून गेली, तर तिले परत पाठवलं." मग कूस बदलून म्हणाल्या, "ताप मले आला होता, शोभाताई. घराले काहून गैरहजर लावलं, ते मले समजून सांग."

मी ताट झाकलं, पाण्याचा तांब्या उशाशी ठेवला आणि आले. रस्त्यात मी स्वतःशीच बडबडत होते, चक्क भांडत होते, पण दोन्ही बाजूंनी मीच होते.

दुसऱ्या दिवशी दीपाने नावं घ्यायला सुरुवात केली. यमुताईंची जागा दुसऱ्या रांगेत, कडुलिंबाच्या बाजूला. कोणी ती भरली नव्हती. "यमुना ढोबळे," दीपा म्हणाली, आणि लगेच पेन टेकवलं. मी थर्मास बाकावर ठेवला, चपला काढल्या आणि त्या जागी जाऊन उभी राहिले.

"ताई," दीपा म्हणाली, "तू यात नाहीस."

"माहीत आहे मले. तू गैरहजर लाव. मी नुसती उभी राहते."

तिने माझ्याकडे बघितलं, मग कागदाकडे. गैरहजर लावली आणि पुढचं नाव घेतलं.