निवडक एकतीस

आधी चहा संपवा. हा किस्सा ऐकताना मागं एकाच्या नाकातून चहा आला होता. आणि हसा खुशाल, माझी हरकत नाही. माझी अब्रू त्या दिवशी गुऱ्हाळावर गेली ती गेलीच!

दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. कुंडलपासून पाच-सहा मैलांवरच्या एका गावात मी पाचवीचा गुरुजी. एक खोली, एक फळा, एक मी. आणि पोरं किती? त्र्याण्णव! खोटं वाटतंय ना? पुढच्या पोरांचे गुडघे माझ्या टेबलाखाली आणि मागची दहा-बारा थेट व्हरांड्यात. त्यांना फळा दिसायचा नाही, मला ती दिसायची नाहीत. दोन्ही पार्ट्या सुखात! एखाद्याला आषाढात प्रश्न विचारला की त्याची पाळी पुन्हा यायची ती दिवाळीच्या तोंडावर. मी शिकवत नव्हतो हो, नुसता ओरडत होतो. घरी गेलो तरी तोच आवाज. बायको म्हणायची, "आवं, मी एकटीच हाय हितं!"

दुसरी तुकडी द्या, दुसरा गुरुजी द्या, म्हणून मी तीन वर्षं सांगलीला अर्ज करत होतो. उत्तर एकच, 'विचाराधीन आहे.' अहो, कोंबडी एकवीस दिवसांत पिल्लं काढते. यांचा विचार तीन वर्षं अंड्यातच!

तर पौषातल्या एका शनिवारी आमचे हेडमास्तर म्हणाले, "गुरुजी, सोमवारी सांगलीचे साहेब येतायत. पाचवीचा वर्ग बघणार." एवढंच. तोंडात कायम पान, त्यामुळं माणूस नेहमी अर्धंच बोलायचा.

मला वाटलं, वर्षाची तपासणी. आता तपासणी म्हटल्यावर आमची जमात काय करते, ठाऊक आहे का? भिंती सारवते, तक्ते टांगते आणि ढ पोरं लपवते! चौदा वर्षांची सवय. मी लगेच कामाला लागलो. एकतीस ढ पोरं निवडायला मला पाच मिनिटं लागली. नावं? नावं कुठली माहीत असायला! "ए निळ्या सदऱ्या, ऊठ. ए शेंबड्या, तूपण." तो निळा सदरा तर पाचवीत तिसऱ्यांदा बसलेला. तीन वर्षांत 'हजर' सोडून दुसरा शब्द बोलला नव्हता.

लपवायची कुठं? गावाबाहेर हवालदार तात्यांचं गुऱ्हाळ लागलं होतं. तात्या म्हणजे फौजेतून रिटायर, मिशीला पीळ. सोमवारी सकाळी पोरं घेऊन गेलो. "तात्या, ही माझी निवडक पोरं. गूळ कसा होतो ते जरा दाखवा." ढ आहेत म्हणून कसं सांगणार? आपलीच लाज.

तात्या खूश! "निवडक व्हय? मग सोडा माज्यावर, गुरुजी. पलटणीत निवडक जवान माज्याच ताब्यात असायचं."

सोमवारी साहेबांची जीप वाटेत बंद पडली. मंगळवारी त्यांना मीटिंग. बुधवारी आणखी काही. मी मात्र रोज सकाळी एकतीस पोरं गुऱ्हाळावर पोचती करतोय! मजा बघा, त्या तीन दिवसांत माझा घसा बसला नाही. तरी डोक्यात उजेड पडला नाही तो नाहीच.

गुरुवारी साहेब आले. तक्ते बघितले नाहीत, कविता ऐकली नाही. पेन्सिल काढली आणि डोकी मोजायला लागले.

"बासष्ट. हजेरीत तर त्र्याण्णव आहेत."

"एकतीस आजारी आहेत, साहेब."

"एकतीस?"

"खोकला. साथ आहे."

मागं हेडमास्तरांनी पान गिळलं आणि माझ्या कानाशी आले. "काय केलंत हे! साहेब दुसऱ्या तुकडीसाठीच डोकी मोजायला आलेत!"

"मग हे शनिवारी सांगायला काय झालं होतं?"

"पान होतं तोंडात!"

साहेबांनी हजेरी मिटली. "तीन वर्षं त्र्याण्णव, त्र्याण्णव म्हणून अर्ज करताय. पोरं कागदावरच आहेत म्हणा की! तुकडी सोडाच, आता तुमच्या नोकरीचं बघतो मी."

तुकडी राहिली बाजूला, भाकरीवरच आलं. मी हात जोडले. "साहेब, पोरं गुऱ्हाळावर आहेत."

"खोकला घेऊन?"

"गूळ... खोकल्याला चांगला असतो, साहेब."

वा रे वा, गुरुजी!

जीपमधून गेलो. बघतो तर पोरं तीन रांगांत ताठ उभी, गालांना काकवी फासलेली आणि समोर तात्या, हातात ऊस. साहेबांनी मोजली. भरली एकतीस! मी श्वास सोडला. पण लगेच साहेब म्हणाले, "इथं काय चाललंय?"

तात्यांनी कडक सलाम ठोकला. "गुरुजींची निवडक पोरं हायत, साहेब. चार दिस झालं. भागाकार घेतलाय. निवडक म्हनल्यावर सोपं कायबी दिलं न्हाई."

"भागाकार? कसा शिकवलात?"

"कांड्या वाटून. उत्तर दिल्याबिगर खायला कांडी न्हाई. एकतीसच तर हायत. दिसाला परत्येकाची चार-चार डाव पाळी येतीया."

साहेबांनी नेमकं निळ्या सदऱ्याकडं बोट केलं. "एकशे छप्पन कांड्या, बारा जणांत वाटायच्या. प्रत्येकाला किती?"

मी डोळे मिटून घेतले. झालं, संपलं!

"तेरा, साहेब. बाकी कायबी उरत न्हाई."

मी डोळे उघडले. साहेब खूश होऊन मला म्हणाले, "हुशार आहे हो! नाव काय याचं?"

मी तोंड उघडलं. आणि मिटलं.

"शिवाप्पा, साहेब," तात्याच म्हणाले. "डाव्या कानानं कमी ऐकतोय. म्होरं घेतला की समदं कळतंय त्येला."

तीन वर्षं मी त्याला व्हरांड्यात बसवला होता, हो! तुम्ही हसताय, पण तिथं मला खरंच रडू आलं. साहेबांना वाटलं, चुलाण्याचा धूर लागला.

शाळेत परत आल्यावर साहेबांनी तोच प्रश्न माझ्या बासष्ट हुशारांना घातला. कुणी आढ्याकडं बघतंय, कुणी पायाच्या अंगठ्याकडं. "समजलं का?" म्हणून विचारलं तर सगळे एका सुरात, "होऽऽऽ साहेब!"

साहेबांनी शेरेबुक मागवलं आणि लिहिलं, 'पट खरा आहे. दुसरी तुकडी मंजूर. गुरुजींनी हुशार मुले निवडून त्यांच्याकडे खास लक्ष दिले, परंतु उरलेली बासष्ट फारच ढ ठेवली. हुशार एकतीस नव्या शिक्षकाकडे द्यावीत. ढ तुकडी याच गुरुजींकडे राहावी.'

आता बोलणार काय? 'साहेब, ढ ती होती, ही हुशार,' असं सांगू? गप सही केली.

संक्रांतीनंतर नवा गुरुजी आला. त्याला एकतीस, मला बासष्ट. एकदा मधल्या सुट्टीत खिडकीखालून एक पोरगं नव्यानं नाव घातलेल्या दुसऱ्याला सांगत होतं, "तिकडं नगं जाऊ रं गड्या. ती ढ तुकडी हाय. गुरुजी बी त्येंच्याजोगंच मिळाल्यात!"

निळा सदरा! मी खिडकीतून डोकं काढून ओरडलो, "शिवाप्पाऽऽ!" चौदा वर्षांत हजेरी न बघता एका पोराला नावानं मारलेली ही माझी पहिली हाक.

पोरगं वळलंच नाही. डावा कान माझ्याकडं होता ना त्याचा!