आईच्या नावाचं पाकीट

दालचिनीचा वास आला की मला इंडियानातलं ते ख्रिसमसचं गाव आठवतं. २००४ चा डिसेंबर होता. आई गेल्यावर बाबांना मी माझ्या घरी, नेपरव्हिलला आणलं होतं, पण ते दिवसभर गप्प बसत, म्हणून त्यांना घेऊन ड्राइव्हला निघालो. त्या गावात रस्त्यांनाही नाताळची नावं होती, बेकरीतून दालचिनीचा वास येत होता. बाबा गाडीतून उतरेनात. पोस्ट दिसलं तेव्हा मात्र उतरले, कारण नागपूरला त्यांची पस्तीस वर्षं पोस्टातच गेली होती. आत गावाचा खास शिक्का मारून घ्यायला रांग होती. "मॅडम, आय वॉज पोस्टमास्टर," बाबा म्हणाले, तशी काउंटरवरच्या बाईंनी हसून शिक्का त्यांच्याच हातात दिला. बाबांनी कार्ड लिहून पाकिटात घातलं होतं आणि वर सवयीने आईचं नाव आणि नागपूरच्या घरचा पत्ता लिहिला होता. ते लक्षात येताच त्यांचा हात थांबला. "दुसरं पाकीट घेऊ या का?" मी हळूच विचारलं. "नको. पत्ता बरोबर आहे," म्हणत त्यांनी शिक्का मारला. मार्चमध्ये ते परत गेले आणि लगेच त्यांचा फोन आला, "पोचलं रे! दारातच पडलं होतं." कितीतरी महिन्यांनी त्यांचा आवाज मोकळा वाटला. आता बाबाही नाहीत. ते पाकीट माझ्याकडे आहे. बाबांनी ते कधी उघडलं नाही, आणि मीही उघडलेलं नाही.