ओढ्याकाठचं संमतीपत्र

फेलोशिपच्या अर्जात एक प्रश्न होता : तुमच्या वार्तांकनामुळे कुणाला धोका होऊ शकतो? मी एका शब्दात उत्तर लिहिलं : मला.

तेव्हा मी एका दैनिकाची तालुका वार्ताहर होते. आमच्याकडे वार्ताहराला पगार नसतो. जाहिराती आणल्या तर त्यातला वाटा मिळतो. सगळ्यात मोठ्या जाहिराती जिल्ह्याबाहेरच्या एका साखर कारखान्याच्या असत. त्याच कारखान्याचं मळीचं पाणी टँकरने आणून आमच्या ओढ्यात सोडतात, अशी कुजबुज होती. मी दोनदा बातमी दिली, दोनदा ती संपादकांच्या टेबलावरच राहिली. मग कळलं, की पर्यावरणाच्या प्रश्नांत ज्यांच्यावर अन्याय होतो त्यांच्याबद्दल लिहायला एक संस्था पत्रकारांना सहा महिने मानधन देते. अर्ज केला आणि तो मंजूरही झाला. अट मात्र कडक होती. प्रत्येक साक्षीदाराचं सही केलेलं संमतीपत्र हवं, घटनेचे फोटो हवेत.

उमापूरकडच्या एका मावशींची मेंढरं त्या ओढ्याचं पाणी पिऊन मेली होती. एकट्या बाई, पन्नाशी उलटलेल्या, सगळं रान पायाखालचं. मी गेले तर त्यांनी आधी चहा टाकला, मग बोलायला बसल्या.

"नाव लिहा माझं, फोटू बी छापा. मी कुणाला भीत न्हाई," त्या म्हणाल्या. "टँकर सकाळी उजाडायच्या आत येतंय. चला, दावते."

संमतीपत्र मी पिशवीत ठेवलं. सही ओढ्यावरून परत आल्यावर घेऊ म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघी बाभळीच्या मागे बसलो. ओढ्यातलं पाणी काळपट, वर फेस, आंबल्यासारखा वास. फटफटलं तसा टँकर आला, उलटा फिरून काठाला लागला. ड्रायव्हर उतरला, मागे गेला आणि त्याने कॉक फिरवला. काळं पाणी धाडकन खाली पडलं. मी फोनवर फोटो काढत सुटले. नंबरप्लेट आली, पाणी आलं, त्याची पाठ आली.

मावशींनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की फोन हलला.

"पुसा ते."

"काय झालं?"

"माझं पोरगं हाय ते."

पोरगा पाण्याच्या टँकरवर आहे, गावोगाव पाणी पोचवतो, एवढंच त्यांना माहीत होतं. मी काही बोलायच्या आत त्या उठल्या आणि सरळ उघड्यावर चालत गेल्या. मला त्यांच्या मागे जावंच लागलं.

"आये! तू हितं कावून आलीस?"

"माझी मेंढरं कशानं मेली ते बघाया आले."

तो तिशीचा असेल. त्याने आईकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या फोनकडे. झपाट्याने त्याने कॉक बंद केला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

"फोन द्या, म्याडम."

"तुमचा चेहरा आलेला नाही."

"नंबर आलाय ना? मालकाला तेवढा पुरे हाय. उद्या मी न्हाई आलो तर दुसरा कुणी यील. पाणी थांबणार न्हाई, माझं घर थांबल."

फोन मी दिला नाही. पाठीमागे दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. मावशी आमच्या मधे आल्या. मुलाला म्हणाल्या, "बाईच्या अंगाला हात लावशील तर मेलेलं तोंड बघशील माझं." आणि मला म्हणाल्या, "तुमी जावा. पर सही मी न्हाई करायची."

मी गाडीला किक मारली. घरी येईपर्यंत दर दोन मिनिटांनी आरशात पाहत होते.

पुढचा आठवडा वाईट गेला. ते फोटो वापरायचे नाहीत, असं मी ठरवलं होतं. संस्थेच्या समन्वयक बाई फोनवर सौम्यपणे बोलल्या, पण मुद्दा सोडला नाही : साक्षीदार नाही आणि फोटोही वापरायचे नाहीत, तर लेख उभा कशावर राहणार? पैसे परत करते, असं मी म्हणून टाकलं. प्रत्यक्षात त्यातले निम्मे खर्च झाले होते.

आणि एका दुपारी तो मुलगा माझ्या दारात उभा राहिला. मी दार पूर्ण उघडलं नाही. त्याने शर्टाच्या आतून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. कारखान्याच्या गेटवर प्रत्येक खेपेला मिळणाऱ्या त्या पावत्या होत्या. गाडीचा नंबर, किती लिटर, आणि "शेतात खत म्हणून टाकण्यासाठी" असा शिक्का. शेताचं नाव कुठेच नव्हतं.

"सगळ्या गाड्यांच्या हायत्या," तो म्हणाला. मग खाली बघत, "माझ्या गाडीच्या तेवढ्या काढल्यात."

"आईंनी पाठवलं?"

"ती बोलत न्हाई माझ्यासंगं."

त्या चिठ्ठ्यांवर आणि ओढ्याचं पाणी मी प्रयोगशाळेत दिलं होतं त्याच्या अहवालावर लेख उभा राहिला. काही पावत्या गठ्ठ्यात नाहीत, हे मी समन्वयक बाईंना सांगितलं नाही. अजूनही कुणाला सांगितलेलं नाही.

संस्थेमार्फत लेख छापून आल्यावर कारखान्याला नोटीस गेली आणि आमच्या ओढ्यावरचे टँकर बंद झाले. दुसरीकडे कुठेतरी जातात, असं ऐकते. दैनिकाने मला कळवलं, की आता तुम्ही बातम्या पाठवू नका. मुलाने टँकर सोडला आणि हंगामाला बायकोसोबत ऊसतोडीला गेला. मावशी बाजारात भेटतात, पावसाचं बोलतात, शेरडांचं बोलतात. मुलाचं नाव काढत नाहीत, आणि मीही विचारत नाही.