दह्याच्या कपाटातला पाइप

लंडनच्या पिनर उपनगरातले हरिदास सबनीस आयुष्यभर दोनच माणसांच्या शब्दाबाहेर गेले नाहीत. एक त्यांची बायको द्रौपदीबाई आणि दुसरा आल्बर्ट, कारखान्यात त्यांच्या शेजारच्या मशीनवर काम करणारा. या दोघांचं एकमेकांशी पाच मिनिटंही पटलं नसतं. हरिदासरावांच्या सुदैवाने दोघं कधी समोरासमोर आली नाहीत.

आल्बर्टने रिटायर होताना आपला पाइप हरिदासरावांच्या हातात ठेवला आणि सोबत दोन-चार धडेही दिले. थंडीत पाइप आधी खिशात उबवायचा, मगच पेटवायचा, नाहीतर लाकूड तडकतं. ओढून झाल्यावर तो गार होईपर्यंत दांडी उपसायची नाही. आणि घाई करायची नाही. घाई असेल त्याने सिगरेट ओढावी. पुढे आल्बर्ट वारला. पाइप राहिला, धडेही राहिले.

द्रौपदीबाईंचा नियम एकच होता. पाइपने घराचा उंबरा ओलांडायचा नाही. "आत दिसला की थेट कचऱ्याच्या बिनमध्ये," असं त्यांनी सांगितलं होतं आणि हरिदासरावांनी देवासमोर उभं राहून कबूल केलं होतं. उदय, त्यांचा मुलगा, तेव्हा शाळेत जायचा. आता तो मेडनहेडला नोकरी करत होता आणि त्याच्याही डोक्यावरचे केस मागे हटायला लागले होते. नियम मात्र तसूभरही हटला नव्हता.

त्यामुळे पाइपचा संसार बागेच्या टोकाला, शेडमध्ये मांडलेला होता. गवत कापायचं मशीन, रिकाम्या कुंड्या, एक डुगडुगती खुर्ची आणि तिच्यावर संध्याकाळचे हरिदासराव. मागच्या वर्षी सरकारने पबमध्येही धूम्रपान बंद केलं, तेव्हा बाकीची मंडळी चिडली. हरिदासराव शांत होते. सरकारला आत्ता सुचलं ते द्रौपदीबाईंना केव्हाच सुचलं होतं.

पण दोन हजार आठची थंडी काही वेगळीच होती. शेडमधल्या झारीत पाण्याचा दगड झाला. चंचीतला तंबाखू सादळून त्याला बुरशीचा वास यायला लागला. आणि एका संध्याकाळी ऐन झुरक्यात पाइपचा थंडीने सैल झालेला सांधा निसटला. दांडी दातांत राहिली आणि तंबाखूची पेटलेली वाटी गुलाबाच्या वाफ्यात जाऊन पडली. हरिदासरावांनी ती उचलली, पुसली, उजेडात फिरवून पाहिली. तडा गेला नव्हता. पण या थंडीला खिशातली ऊब पुरत नव्हती आणि आज नाहीतर उद्या तो जाणार, हे त्यांना दिसत होतं. आल्बर्टचा शब्द पाळायचा तर द्रौपदीबाईंचा मोडावा लागणार होता.

घरात वरच्या मजल्यावर, बाथरूमशेजारी, गरम पाण्याच्या टाकीचं कपाट होतं. इंग्रज लोक त्यात टॉवेल वाळवतात. द्रौपदीबाई त्यात दही लावत. हरिदासरावांनी पाइप जुन्या मोज्यात घातला आणि मोजा आणि चंची टॉवेलांच्या मागे सारून दिली. आता रोज संध्याकाळी पाइप कोटाच्या खिशातून शेडमध्ये जाताना पावासारखा ऊबदार असे. पहिला झुरका असा काही लागे की आपण इतकी वर्षं उगीच कुडकुडलो, असं त्यांना वाटे. द्रौपदीबाईंना पत्ता लागला नाही. नवऱ्याच्या कोटाला येणारा तो वास त्यांच्या नाकाला घरातलाच झाला होता.

द्रौपदीबाईंचं दही म्हणजे साधी गोष्ट नव्हती. लग्नानंतर नाशिकहून निघताना सासूबाईंनी दह्यात भिजवून वाळवलेला पंच्याचा एक तुकडा त्यांच्या पर्समध्ये ठेवला होता. त्या तुकड्यावर इथल्या दुधाचं पहिलं दही लागलं आणि तेच विरजण आजतागायत चालू होतं. शेजारच्या हॅरोतल्या मराठी मंडळाच्या बायका वाट्या घेऊन यायच्या. अर्ध्या हॅरोच्या फ्रिजमध्ये सासूबाई नांदत होत्या.

रविवारी उदय जेवायला आला. दहीभात कालवून त्याने एक घास घेतला आणि थांबला.

"आई, दही थोडा स्मोकी लागतोय. नॉट बॅड, जस्ट... स्मोकी."

द्रौपदीबाईंनी चाखून पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. हरिदासरावांनीही चमचाभर तोंडात घातलं. शंकाच नव्हती, तो त्यांचाच तंबाखू होता. बोलावं तर पाइप बिनमध्ये. उदय गेल्यावर त्यांनी गुपचूप मोजा आणि चंची शेडमध्ये नेली. वास दोन दिवसांत जाईल, असा त्यांचा हिशोब होता.

द्रौपदीबाई दोन दिवस थांबणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी पातेलं उकळत्या पाण्याने धुतलं, दुसरं दूध आणलं, पुन्हा दही लावलं. पण वास टॉवेलांत मुरला होता, विरजणातही उतरला होता. मंगळवारी सकाळी हरिदासराव स्वयंपाकघरात आले, तेव्हा त्या पातेलं हातात धरून सिंकपाशी उभ्या होत्या.

"अहो, येताना सुपरमार्केटमधून दही आणा. डब्यातलं, मिळेल ते."

"आणि हे?"

"ओतून टाकते. इतकी वर्षं सांभाळलं, आता नाही जमत. माझा हातच गेला." त्यांनी पातेलं सिंकवर कलतं केलं. "सासूबाईंनी एवढं विश्वासाने दिलं होतं."

हरिदासरावांनी त्यांना इतकं हरलेलं कधी पाहिलं नव्हतं. नव्या देशात, नव्या घरात, उदयच्या आजारपणातही नाही. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

"ओतू नकोस. हात चांगला आहे तुझा," ते म्हणाले. "पाइप ठेवला होता मी कपाटात. टॉवेलांच्या मागे."

"कधीपासून?"

"थंडी पडल्यापासून."

द्रौपदीबाईंनी आधी पातेलं सिंकपासून लांब, ओट्याच्या पार आतल्या बाजूला सरकवलं. मग डोळे पुसले. मग म्हणाल्या, "आणा तो इकडे."

हरिदासराव शेडमधून पाइप घेऊन आले आणि मागच्या दारात, उंबऱ्याबाहेर उभे राहिले. बिन दाराशीच होता. तोंडातून वाफ येत होती. द्रौपदीबाईंनी पाइप आयुष्यात पहिल्यांदाच हातात घेतला.

"बर्फ झालाय नुसता."

"असाच पेटवला तर तडकतो," हरिदासराव हळूच म्हणाले. "म्हणून आत आणला. आल्बर्टची तेवढीच आठवण आहे."

त्या पाइप घेऊन आत गेल्या. खालचा खण उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा पाइप एका जाड, विटक्या लोकरीच्या टोपीत गुंडाळलेला होता. हरिदासरावांनी टोपी ओळखली. लग्नानंतर वेम्ब्लीच्या भाड्याच्या खोलीत ना हीटर धड होता ना कपाट. तेव्हा दह्याचं पातेलं गार पडू नये म्हणून द्रौपदीबाईंनी ती विणली होती.

"ही घ्या आणि वर गरम पाण्याची पिशवी ठेवा. हिच्यात दही लागत होतं, तुमच्या पाइपला काय धाड भरलीय? आणि घरात दिसला की बिनमध्ये."

पाइप आत्ताच त्यांच्याच हातून घरात जाऊन आला होता. हरिदासरावांनी ते सुचवलं नाही. एवढं शहाणपण त्यांना आलं होतं.

कपाट दिवसभर उघडं टाकलं, टॉवेल धुतले आणि आठवडाभरात दही ताळ्यावर आलं. उदयला फोन करून तसं कळवण्यातही आलं.

शनिवारी संध्याकाळी बागेत पांढरं दहिवर पडलं होतं. हरिदासराव डुगडुगत्या खुर्चीत बसले, टोपीतून पाइप काढला, तो तळव्यात धरून पाहिला. छान ऊब होती. घाई न करता त्यांनी तो भरला, पेटवला आणि पहिला झुरका घेतला. तंबाखूच्या मागून एक आंबूस वास आला. कितीतरी हिवाळ्यांचं दूध त्या लोकरीत मुरलेलं होतं.

समोर स्वयंपाकघराच्या खिडकीत दिवा लागला होता आणि द्रौपदीबाई दूध तापवत उभ्या होत्या. पाइपला दह्याचा वास येतो, हे हरिदासरावांनी त्यांना कधीच सांगितलं नाही. न जाणो, त्या टोपी धुवायला काढतील.