सामोआतला न उगवलेला शुक्रवार

खराडीच्या ज्या ऑफिसात मी नोकरी करते, तिथे जगातल्या कुठल्याही दोन चलनांचे जुने दर एका वेबसाइटसाठी लावून ठेवण्याचं काम चालतं. डॉलर आणि रुपया कोणीही बघेल. माझ्या वाट्याला टोंगाचा पाअंगा आणि सामोआचा ताला आले होते. दोन्ही देश प्रशांत महासागरातली चिमुकली बेटं, नकाशावर शोधायची तर चष्मा पुसून घ्यावा लागतो. एका पाअंग्याला कोणत्या दिवशी किती ताला मिळत होते, ते मागच्या कित्येक वर्षांचं, एकही दिवस न वगळता, आम्ही पुण्यात बसून भरत होतो. नवरा एकदा म्हणाला, "याचे तुला पैसे देतात?" देतात, आणि कोथरूडच्या फ्लॅटचा हप्ता त्यातूनच जातो.

जुन्या कागदांवरचे आकडे तपासायला आमच्याकडे एक काका होते. बँकेतून निवृत्त झालेले, वर्षा-वर्षाच्या करारावर घेतलेले. तेही कोथरूडचेच, दोन बस बदलून यायचे आणि सगळ्यांच्या आधी खुर्चीत असायचे. काम चोख आणि जीभ तिखट. उशिरा येणाऱ्याला म्हणायचे, "आलात? आम्ही शोकसभेची तयारी करत होतो." मी वयाने त्यांच्याहून पंचवीस वर्षांनी लहान आणि हुद्द्याने वर. एकदा मीटिंगमध्ये माझा आकडा चुकला, तर सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, कॅल्क्युलेटर उलटा धरलाय का?" सगळे हसले, मीही हसले. पण मी ते मनात ठेवलं होतं, हे आज लिहिताना लपवत नाही.

एकदाच ते स्वतःबद्दल बोलले. चहाच्या मशीनपाशी उभे होतो. म्हणाले, "हे काम आहे म्हणून घरात मला विचारतात हो. ते गेलं की दूध उतू जातंय का, एवढंच बघायला उरेन." मी काहीतरी गुळमुळीत बोलले आणि कप घेऊन जागेवर आले.

आमच्याकडे एक नियम होता, रकाना रिकामा सोडायचा नाही. शनिवारी-रविवारी बाजार बंद असतो, तेव्हा शुक्रवारचाच दर पुढे ओढायचा. काकांचा करार वाढवायचा की नाही हे ठरायच्या महिन्यात मी त्यांचं काम तपासायला घेतलं, आणि दोन हजार अकराच्या तीस डिसेंबरला रकाना कोरा दिसला. शनिवार नाही, रविवार नाही, चांगला शुक्रवार. शेजारी शेऱ्यात त्यांनी लिहिलं होतं, 'हा दिवस सामोआत उगवलाच नाही.'

माझं डोकं सटकलं. हा माणूस आता कंपनीच्या कागदावरही टोमणे मारायला लागला, असं वाटलं. काका तीन खुर्च्या पलीकडे बसले होते, मान वळवून विचारायचा अवकाश होता. मी विचारलं नाही. गुरुवारचा दर त्या रकान्यात ओढला आणि अहवालात लिहिलं, 'रकाना कोरा सोडला, शेरा थट्टेचा.' वरच्यांना एक माणूस कमी करायचाच होता. माझं वाक्य त्यांना आयतंच मिळालं आणि काकांचा करार संपवला गेला. शेवटच्या दिवशी डबा पिशवीत टाकता टाकता ते मला म्हणाले, "मॅडम, तो शुक्रवार एकदा बघा." मी "हो, बघते" म्हटलं आणि बघितलं नाही.

तीन-चार महिन्यांनी सामोआतल्या एका शिक्षिकेची मेल आली. अगदी नम्र भाषेत तिने लिहिलं होतं, की त्यांच्या देशाने तेव्हा आंतरराष्ट्रीय वाररेषेची बाजू बदलली. लोक गुरुवारी झोपले ते शनिवारी उठले. तीस डिसेंबर तिथे झालाच नाही, मग तुमच्या तक्त्यात त्या दिवसाचा दर कुठून आला?

मी केला होता तो दर. माझ्या हाताने.

मी रकाना पुन्हा कोरा केला आणि तिला आभाराचं उत्तर पाठवलं. आमच्या साहेबांनी सगळ्यांना मेल टाकली, की मॅडमनी बारीक चूक पकडली. खरं काय ते लिहायला दोन ओळी पुरल्या असत्या. मी 'थँक यू सर' लिहिलं. त्या तीन शब्दांची मला अजून लाज वाटते.

पुढचे काही दिवस जेवण गोड लागेना. शेवटी एका रविवारी मंडईतून अंजिरं घेतली आणि काकांच्या घरी गेले. दार काकूंनी उघडलं. काका पेपर वाचत होते, मला बघून उठून उभे राहिले. बसल्या बसल्या मी बोलून टाकलं, कारण थांबले असते तर धीर गेला असता. "काका, तुमचं बरोबर होतं. तो दिवस तिथे नव्हताच. मी न बघता तुमच्याविरुद्ध लिहिलं आणि माझ्यामुळे तुम्हाला काढलं. मला माफ करा."

काकू पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या.

"काढलं?" त्या म्हणाल्या. मग काकांकडे वळून, "अहो, तुम्ही तर म्हणालात की ते राहा राहा म्हणत होते आणि तुम्हीच सोडलंत. डोळ्यांना त्रास होतो म्हणून. मी सगळ्यांना तसंच सांगितलंय. मुलाला, सुनेला, खालच्या मजल्यावर."

काकांनी पेपरची घडी घातली. नीट, कडेला कड जुळवून. मान वर केली नाही.

"मॅडमना चहा टाक," ते काकूंना म्हणाले. काकू जागच्या हलल्या नाहीत.

मी माझ्या मनावरचं ओझं उतरवायला गेले होते, आणि ते काकांच्याच घरात, काकूंच्या देखत, काकांच्या डोक्यावर ठेवून आले. निघताना काका दारापर्यंत आले आणि हळू आवाजात म्हणाले, "फोन केला असतात तर मी खाली आलो असतो."