सुमनताईंनी विचारलं

डेटॉलचा वास आला की मला सुमनताई आठवतात. सत्तरच्या दशकात नाशिक रोडला आमच्या शेजारी राहणाऱ्या त्या निवृत्त नर्स. वडील शेवटच्या दुखण्यात होते, आणि आम्ही सगळे त्यांना ‘बरे व्हाल’ एवढंच म्हणायचो.

एका सकाळी त्यांचं अंग पुसता पुसता ताईंनी विचारलं, “भाऊ, कुणाला भेटायचं राहिलंय का?”

“असं काय विचारता हो!” आई रडवेली झाली. मीही चिडले.

वडिलांचा चेहरा मात्र सैलावला. “घोटीहून धाकट्याला बोलवा. कित्येक वर्षं बोललो नाही त्याच्याशी.”

दुसऱ्याच दिवशी काका आले. दुपारभर दोघं हातात हात घेऊन बसले. चौथ्या दिवशी वडील गेले.

आज वाटतं, घर माणसांनी भरलेलं होतं, पण वडिलांना सोबत केली ती सुमनताईंनी.